तीनदा मेलेला माणूस आणि माझा पट्टा

साठ साल उलटून गेलं होतं. अकोल्यात आमच्या कचेरीतल्या कारकुनांनी एक खुनाचं नाटक बसवलं. त्यात मी इन्स्पेक्टर होतो. पहिल्या अंकात बंगल्याच्या मालकाचा गळा आवळला जातो आणि शेवटच्या अंकात मी खुनी ओळखतो, म्हणजे नाटक माझंच, असा माझा समज.

आमच्याकडच्या प्रेक्षकांना सवय संगीत नाटकाची. आवडलं की वन्स मोअर. मालकाचं काम आमचे अव्वल कारकून, म्हणजे आमचे साहेब, करत. ते गळा आवळून मेले तसा ‘वन्स मोअर’ झाला. साहेब उठले, पुन्हा मेले. लोकांचं समाधान होईना, म्हणून तिसऱ्यांदा मेले. मी खुनी पकडला तेव्हा मात्र लोक चपला शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या शहरातल्या चहाच्या दुकानात गेलो. शेजारच्या बाकावर नाटक पाहिलेले दोघे बसले होते, एक म्हातारे आणि एक टोपीवाला. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो आणि ठरवलं, माझ्या कामाबद्दल एक शब्द कानावर पडल्याशिवाय उठायचं नाही.

“आपल्याले तर दुसरं मरन पसंत,” टोपीवाला म्हणाला. “जीभ पायली का कशी बाहेर आली?”

“तिसऱ्या खेपेस खुर्ची पाडली त्यानं. तेच खरं मरन,” म्हातारे म्हणाले.

यावर एक चहा संपला. दुसरा चहा मोलकरणीच्या किंकाळीवर गेला. तिसऱ्याला माझा धीर सुटला.

“अन् इन्स्पेक्टर?” मी मान न वळवता विचारलं.

“कोन इन्स्पेक्टर?”

“खुनी पकडते थो.”

“हो, होता एक,” टोपीवाला म्हणाला. “पट्टा ढिला होता त्याचा.”

तिथंच ठरलं. पुढचा प्रयोग अमरावतीला होता. तिथं एक तरी वन्स मोअर घ्यायचाच.

आधी चांभाराकडून पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं. मग घरी तालीम. बायकोनं खुनी म्हणून कणकेचा डबा समोर ठेवला आणि भाकरी थापता थापता पाहू लागली.

“अवो, खुनी खाली बसला हाय. तुमी छताकडं बोट कावून दाखवून राहिले?”

“आवेशात जातं वर.”

“मंग आवेश कमी करा. शाळामास्तर वाटता तुमी.”

पंधरा दिवस मी त्या डब्याला अटक केली. मोर्णा नदीच्या पुलावरून कचेरीत जाताना भाषण म्हणायचो. समोरून येणारे बाजूला होत.

अमरावतीला रविवारी दुपारी एका शाळेत प्रयोग झाला. अव्वल कारकून दोनदाच मेले. तिसऱ्यांदा त्यांनीच हात जोडले. मग गळ्यावरचे रंगाचे वळ तसेच ठेवून ते पहिल्या रांगेत येऊन बसले. माझा प्रवेश आला. भाषण केलं, बोट सरळ नाटकातल्या खुनी डॉक्टरवर रोखलं, बेड्या घातल्या. सगळं चिडीचूप. मागं कोणीतरी भुईमुगाच्या शेंगा फोडत होतं, तेवढाच आवाज.

तेवढ्यात मेलेले साहेब उठून उभे राहिले. “मले कोनं मारलं थे नीट समजू द्या,” ते म्हणाले. “वन्स मोअर.”

सभागृह हसून लोळलं आणि मग सगळेच ‘वन्स मोअर’ म्हणू लागले. तो माझा नव्हता, साहेबांचा होता, हे मला कळत होतं. वाटलं, पुढचं वाक्य बोलून मोकळं व्हावं. पण पंधरा दिवस डबा काय उगाच पकडला होता? मी बेड्या काढल्या, डॉक्टरला खुर्चीवर बसवलं आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली. अर्ध्यात हसणं थांबलं. बोट रोखलं तेव्हा शेंगांचा आवाजही थांबला होता.

सोमवारी सकाळी मी अकोल्यात त्याच दुकानात, त्याच दोघांकडे पाठ करून. दोघेही हौसेनं बसचा प्रवास करून अमरावतीला जाऊन आले होते.

“मेलेला मानूस उठून विचारते, मले कोनं मारलं,” म्हातारे म्हणाले. “असं काम जन्मात पायलं नाई.”

तो चहा मी सावकाश संपवला. मग विचारलंच.

“अन् इन्स्पेक्टर?”

टोपीवाल्यानं थोडा विचार केला.

“या बारी पट्टा बरोबर होता त्याचा.”

मी आणखी एक चहा सांगितला.