एका घरातल्या दोन उमेदवार

नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर रीडरच्या जागा निघाल्याचं थोरलीला कळलं ते भाजी आणायला गेली तेव्हा. जाहिरात कार्यालयाच्या फाटकावरच चिकटवली होती. घरी येऊन तिने चकार शब्द काढला नाही. नवऱ्याने थट्टा केली असती, आणि धाकट्या जावेला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. शिवाय धाकटीचं पाठांतर पक्कं. आपल्या हाताने स्पर्धा कशाला वाढवायची?

परीक्षेच्या सकाळी ती दाताच्या डॉक्टरचं निमित्त सांगून निघाली. धाकटी त्याआधीच मैत्रिणीकडे गेलेली. थोरली आपला बाक शोधत वर्गात शिरली, तर शेजारच्या बाकावर धाकटी पेनाचं टोपण चावत बसलेली!

"ताई, दात काय म्हणतोय?"

"तुझी मैत्रीण कुठे दिसत नाही ती?"

"बोलणं बंद!" पर्यवेक्षक ओरडले. मग दोघी तोंडाला रुमाल लावून इतक्या हसल्या की पहिला प्रश्न तसाच राहून गेला.

तरी दोघी पास झाल्या. पुढे स्कूटर चालवण्याची चाचणी होती, आणि घरात स्कूटर एकच. दोघी त्याच स्कूटरवर बसून गेल्या. थोरलीने कार्यालयाच्या आवारात झोकात फेरी मारली. मग धाकटीचं नाव पुकारलं. किल्ली थोरलीच्या मुठीत होती. 'पेट्रोल संपलं' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण धाकटीचा चेहरा आधीच पांढराफटक पडलेला.

"घे," थोरली म्हणाली. "वळताना वेग कमी कर. आणि साहेबांकडे बघू नकोस, ते काही रस्त्यात उभे नाहीत."

धाकटीने एक कुंडी आडवी केली, उतरून ती सरळ केली, साहेबांना "सॉरी" म्हटलं आणि फेरी पूर्ण केली. निकालात तिची निवड झाली. थोरली प्रतीक्षा यादीत!

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजत होती. धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"ताई, मी नको म्हणून कळवू का?"

"खबरदार! सरकारी नोकरी नाकारायला निघालीय, शहाणी! हे ताट पूस आधी."

ताट पुसता पुसता धाकटी रडली. थोरलीनेही पदराने डोळे टिपले, पण दोष तिने फोडणीला दिला.

निवड झालेला एक उमेदवार दुसऱ्या खात्यात गेला, तेव्हा थोरलीला बोलावणं आलं. भाग मिळाला तो घराच्या आसपासचाच. पहिल्याच फेरीत ती आपल्या दारी पोचली, गळ्यात ओळखपत्र घालून. नवऱ्याने मीटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"एवढं पाणी? अगं, काहीतरी चुकलंय. घरचंच तर आहे, जरा बघ ना."

"तक्रार असेल तर कार्यालयात लेखी द्या," थोरली म्हणाली आणि शेजारच्या दाराची घंटी वाजवली.