हिरव्या डब्यातला चहा

अठ्ठावन्न वर्षांच्या, शर्टाची बटणं ताणून बसणाऱ्या माणसाला 'बारक्या' म्हणून हाक मारायची छाती जगात एकाच व्यक्तीची होती, ती म्हणजे त्याच्या ताईची. बाकी सगळे त्याला किल्लीवाला म्हणत. बसस्टॉपमागे त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास रोखून धरावा एवढी जागा.

ताईच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि ती त्याच्याकडे राहायला आली. टाके सुकले, ताप गेला, पण बाई काही पिईना. पाणी दिलं की मळमळ, सूप दिलं की तोंड फिरवायची. डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत पोटात पाणी जायला लागलं नाही, तर परत दाखल करून सलाईन लावावं लागेल." हॉस्पिटलचं नाव काढताच ताईने भिंतीकडे तोंड केलं. तशीच म्हणाली, "आपला तो हिरव्या डब्यातला चहा मिळाला, तर जाईल बघ."

झालं. किल्लीवाल्याच्या अंगात संचारलं. आणि का संचारू नये? लहानपणी हा दम्याने बेजार. आईवडील दोघेही पहाटे कारखान्यात जायचे. याला सांभाळलं ते सात वर्षांनी मोठ्या ताईने. वनस्पतींच्या त्या चहाची कापडी पुडी कपातल्या गरम पाण्यात सोडायची, वर बशी झाकायची आणि चहा उतरेपर्यंत याची छाती चोळत बसायची. शाळासुद्धा तिने याच्यापायी अर्ध्यात सोडली. हे तो कुणालाही सांगायचा, अगदी किल्ली करायला आलेल्या अनोळखी माणसालाही.

किराणा दुकानदार म्हणाला, "तो चहा बंद होऊन पंधरा वर्षं झाली, कुठल्या जमान्यात आहात?" कंपनीत फोन लावला, तर तिथल्या मुलीने गोड आवाजात लिंबाचा नवा चहा घ्यायला सांगितलं. याने फोन आपटला. पण जुना डबा याच्याच दुकानात होता, कुलपांच्या बारीक स्प्रिंगांनी भरलेला. झाकणावर नावं शाबूत होती: पुदिना, गवती चहा, बडीशेप, ज्येष्ठमध. प्रमाण मात्र कुणी छापत नाही.

मग गडी किल्ली घासतो तसाच कामाला लागला. थोडं घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. इथे चिमूटभर बडीशेप कमी, तिथे पुदिना जास्त. बुधवारी दुकान बंद ठेवून त्याने फडक्याच्या पुड्या बांधून ओळीने नऊ कप केले. नवव्या कपाला डोळ्यांत पाणी आलं. हाच तो चहा, शंकाच नको.

ताईने घोट घेतला. "हा नाही रे."

गुरुवारी त्याने ज्येष्ठमध वाढवलं, चहा आणखी कडक केला. ताईला उमासा आला. तेव्हा मात्र बायको चिडली. "अहो, किल्ली तुमची, चाखताय तुम्ही. कुलूप त्या खोलीत आहे ना?" दारात लावून बघितल्याशिवाय किल्ली झाली म्हणू नका, हे गिऱ्हाइकांना तीस वर्षं हाच माणूस ऐकवत आला होता.

शुक्रवारी सकाळी त्याने शेवटचा कप नेला, तोही परत आला. मग त्याने हॉस्पिटलची पिशवी भरायला घेतली. टॉवेल, गाऊन, रिपोर्ट. हात चालत होते, पण चेहरा बघवत नव्हता. ओट्यावर वापरलेली पुडी पडली होती. बायकोला ती टाकवेना. तिने तीच पुडी दुसऱ्या कपात टाकून वर गरम पाणी ओतलं आणि कप घेऊन ताईपाशी जाऊन बसली, स्वतः प्यायला. ताईने वास घेतला, हात पुढे केला आणि कप रिकामा करूनच खाली ठेवला. "आणखी आहे?"

"ताई, हे नुसतं रंगीत पाणी आहे," किल्लीवाला म्हणाला.

"तेच तर. तुझा चहा मला कुठे माहीत? महिन्याला डबा एकच, त्यात पुड्या तीसच. पहिलं पाणी तुझं, त्याच पुडीवरचं दुसरं माझं. तुझा श्वास लागायचा थांबला, तू झोपलास, की मग मी प्यायचे. दिवसातला तेवढाच वेळ मला कुणी हाक मारत नसे."

तो पलंगावर बसला. पलंग करकरला. ताईने काय काय केलं ते गावभर सांगत फिरणाऱ्या या माणसाला हे एवढंच ठाऊक नव्हतं. तो लहान मुलासारखा रडला आणि ताईने त्याला रडू दिलं.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, सगळं विचारून म्हणाल्या, आता दाखल करायची गरज नाही. त्याने पिशवी रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी त्याने नवी पुडी सोडली, बशी झाकली आणि कप ताईपुढे धरला. "आजपासून पहिला तुझा."

ताईने ओठाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "कसला कडू आहे. तूच पी."

"ताई, सगळं लहानपण पहिला कप मीच प्यायलो गं."

"मग? कुणीतरी प्यायलाच हवा होता. त्याशिवाय दुसरा कुठून आला असता?" तिने कप त्याच्याकडे सरकवला. "पी लवकर, बारक्या. मला तहान लागलीय."