सिन्नरच्या गेटवरची खुर्ची

नांदेडच्या स्टँडवर नाशिकची एसटी लागली तेव्हा वडिलांनी माझी पगडी स्वतःच्या हाताने नीट केली आणि म्हणाले, "पुत्तर, कशाचाही भाव कर, हिचा करू नको." मी तेवीस वर्षांचा होतो. गाडी सुटताना त्यांना हातही केला नाही. शेजारच्याशी जागेवरून भांडत होतो.

भांडूनच सिन्नरच्या एमआयडीसीत उभा राहिलो. आधी हमाल, मग फिटर, आता कारखान्यांत अवजड मशीन उतरवून बसवायचं कंत्राट. वीस वर्षं एकाच कारखान्यात पगडी बांधून गेलो. मशीन सूतभर सरकलं तरी माझ्या पायांना कळायचं.

मग नियम आला: हेल्मेटशिवाय आत प्रवेश नाही. माझ्या पगडीवर हेल्मेट बसत नाही, आणि पगडी मी उतरवत नाही.

सेफ्टी ऑफिसर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मी आवाज चढवला. मोटारसायकलवर सरकार मला सूट देतं, तुम्ही कोण? मशीनभोवतीच्या पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभा राहतो. काही झालं तर जबाबदारी माझी, स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, वरून पाना पडला तर तो डोकं कुणाचं ते बघत नाही. छोटा पटका बांधा, त्यावर हेल्मेट बसेल."

माझा मुकादम ज्ञानोबा, त्याचं हेल्मेट असाच पाना पडून तडकलं होतं आणि तो संध्याकाळी चालत घरी गेला होता. तरी मी नाहीच म्हणालो. तासभर घासाघीस करून पदरात पडली ती गेटवरच्या केबिनमधली एक खुर्ची.

आता ज्ञानोबा आतून व्हिडिओ कॉल लावतो. "सरदार, वरडू नका, फोन फुटंल." आतले हसतात, मीही हसतो. पूर्वी मी ती खुर्चीच फेकली असती; नांदेडला मागे राहिलेल्या सगळ्यांना माझा राग ठाऊक आहे. आता काही वाटत नाही. पडद्यावर मशीन बसतं. माझ्याशिवाय, आणि सरळ बसतं.

परवा नांदेडहून धाकट्या भावाचा फोन आला. "वीरजी, घरी या परत. इथे पगडीबद्दल कुणी विचारणार नाही."

खरं आहे. तिथे मला कशाबद्दलच कुणी विचारत नाही. वडील गेल्यावर माझी खोलीही त्याच्या मुलांची झाली.

"सोमवारी नवं मशीन यायचंय," मी म्हणालो.

"पण तुम्हाला आत घेत नाहीत ना?"

"गेटपर्यंत घेतात."