सिद्धारामच्या संगणकातली बाई

तेर गावच्या एसटी स्टँडला लागून पत्र्याची एक खोली आहे. तिथं सिद्धाराम बसतो. लहानपणी तापात त्याचे डोळे गेले, पण गावाचे अर्ज तोच लिहितो. निराधारची पेन्शन, पीक विमा, दाखले, सगळं. अंधशाळेत शिकलेली बोटं कीबोर्डवरून फिरतात आणि पडद्यावर काय आहे ते संगणकातली एक बाई त्याला वाचून दाखवते. तिचं बोलणं हेच त्याचं बघणं.

गाव आपली कागदं घरी ठेवत नाही. आधार, पासबुक, पासवर्ड, सगळं सिद्धारामच्या संगणकात. घरी उंदीर असतात, पोरं असतात. सिद्धारामकडं बाई असते.

"बाई काय म्हणती रं?" बलभीम आण्णा बाकावर टेकत विचारायचे.

"म्हणती, आण्णा आंघोळ करून आलेत का ते आधी विचार."

मग एकदा संगणकानं आपणहून नवी विंडोज चढवून घेतली आणि बाई गेली. तिच्या जागी दुसरीच आली, घायकुतीची, अर्धं मराठी गिळणारी. सिद्धारामला बायकोकडून, सत्यभामाकडून, ओळन् ओळ वाचून घ्यावी लागू लागली. त्याचं जेवण कमी झालं. शेवटी त्यानं धाराशिवच्या तौफिकला बोलावलं. संगणक दुरुस्त करणारा हा माणूस त्याला धाकट्या भावासारखा.

"दादा, जुनी विंडोज टाकतो, बाई परत येईल," तौफिक म्हणाला. "पण जुनीला आता कंपनी सांभाळत न्हाय. भोक पडून चोर आत शिरले तर बुजवायला कुणी येणार न्हाय. तिला नेट लावू नका."

"मग अर्ज काय कबुतराच्या पायाला बांधू?"

तौफिक हसला नाही. त्यानं नवी पुसली, जुनी चढवली, कागदं होती तशी ठेवली. बाईनं पहिला शब्द उच्चारला तेव्हा सिद्धारामनं मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

पावसाळा सरला. संगणक कधीकधी काम नसतानाही तापलेला लागायचा. आतला पंखा उगाच घरघरायचा. एकदा सत्यभामा म्हणाली, "तुम्ही जेवत होता तवा बाई बोलत होती."

"झोपेत बडबडत असंल," सिद्धाराम म्हणाला. पण घास हातातच राहिला होता.

तौफिकची एक रीत होती. बारीकसारीक बिघाड असला की तो धाराशिवच्या दुकानातूनच नेटवरून हा संगणक चालवायचा. तो जे उघडेल ते बाई वाचत जायची आणि सिद्धाराम हात मांडीवर ठेवून गप्प बसायचा. एके दिवशी संगणक फार रखडत होता, म्हणून सकाळीच त्यानं तौफिकला फोन केला. "बघतो," तौफिक म्हणाला.

दुपारी बाई आपोआप बोलू लागली. कागदपत्रं. उघडलं. आधार. उघडलं.

"लागला बघ कामाला तौफिक," म्हणत सिद्धारामनं हात मांडीवर ठेवले आणि चहा मागवला.

बलभीम. शिवकांता. धोंडीबा. बाई नावं घेत गेली, एकामागून एक, तिच्या त्या स्वच्छ, सावकाश आवाजात. चहा आला. सिद्धारामनं बशीत ओतला. बाई म्हणाली, सर्व निवडले. पाठवत आहे.

"सलाम, दादा," दारातून आवाज आला. "एसटीनं लई रखडवलं आज."

सिद्धारामनं बशी खाली ठेवली. "तौफिक? तू हितं?"

"व्हय. म्हटलं समोरासमोरच बघावं."

"मग ह्यो आत कोण हाय?"

पाठवत आहे, बाई म्हणाली.

सिद्धारामनं भिंत चाचपत नेटची वायर धरली आणि उपसून काढली. तौफिक पडद्यासमोर बसला. काय काय गेलं ते तपासू लागला.

"किती गेलं?"

"जवळजवळ समदं, दादा." त्यानं आवाज खाली आणला. "कुणाला आत्ताच बोलू नका. आधी मशीन पुसू द्या. गाव तुम्हाला इथं बसू देणार न्हाय."

बाहेर बाकावर हसणं चाललं होतं.

"सत्यभामा, कोण कोण हाय बाहेर?"

"बलभीम आण्णा. शिवकांताकाकू. आणिक दोघं-तिघं."

"आत बोलाव. एकेकाला नगं, समद्यांना. म्हणावं, आत्ताच्या आत्ता बँकेत जायचंय."

उंबऱ्याशी चपला काढल्याचं त्याला ऐकू आलं. तो उठून उभा राहिला. आण्णा हसतच आत येत होते.