एक उकडणारच

आमची आत्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. बाटल्या धुणं, टेबलं पुसणं, आणि प्रयोगाच्या दिवशी तीस कच्चे बटाटे सोलून त्यांत खळगे कोरणं. खळग्यात दाट साखरेचं पाणी भरायचं, बटाटा साध्या पाण्याच्या बशीत ठेवायचा. तासाभरात खळग्यातलं पाणी वर चढतं. कोरून कोरून हाताला फोड यायचे, म्हणून यंदा तिने डोकं चालवलं आणि आदल्या दिवशीच बटाटे उकडून ठेवले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

एकाही खळग्यातलं पाणी चढलं नाही, आणि नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आलेले. आत्याने उकडल्याचं लगेच कबूल केलं. पण त्याने बिघडलं काय, असं विचारल्यावर विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "तुला कळून काय करायचंय?" मुख्याध्यापकांनी तिला सोमवारपासून फाटकावर बसायला सांगितलं.

फाटकावर निदान खुर्ची आहे, घे पडतं, असं मी म्हटलं. ती माझ्यावरच डाफरली. तिला प्रयोगशाळा सोडायची नव्हती, आणि चूक आपली तर कारणही आपल्याला कळलंच पाहिजे, यावर ती अडून बसली. मला तिचा फार अभिमान वाटला.

शनिवार-रविवार माझ्या मुलीचं नववीचं पुस्तक तिच्या मांडीवर आणि ओट्यावर बश्याच बश्या. कच्च्यात पाणी चढे, उकडलेल्यात ढिम्म. दोन दिवस आम्ही तिन्ही त्रिकाळ बटाटेच खाल्ले.

सोमवारी ती फाटकावर गेलीच नाही. तासाभरापूर्वी मांडलेल्या दोन बश्या तिने मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या. बाई तिथेच होत्या.

"सर, कच्च्या बटाट्याच्या पेशी जिवंत असतात," ती म्हणाली. "पेशीभोवती पातळ पडदा असतो. तो पाणी जाऊ देतो, साखर अडवतो. खळग्यात साखर दाट, म्हणून बशीतलं पाणी पेशीपेशीतून तिकडे जातं. उकडलं की पडदेच फाटतात. मग अडवणार कोण?"

मुख्याध्यापकांनी दोन्ही खळग्यांत वाकून पाहिलं. मग म्हणाले, प्रयोगशाळेतच राहा, पण पुन्हा काही उकडू नका.

आत्या जागची हलली नाही.

"एक उकडणारच, सर. पाणी का चढलं नाही, हे मुलांनी विचारलं पाहिजे. आणि विचारलं, तर बाईंनी सांगितलं पाहिजे."