उदबत्ती विझेपर्यंत

"चहा टाक, कोथिंबीर घेऊन आलोच," असं सांगून हे जिना उतरले, ते परत आलेच नाहीत. सोसायटीच्या फाटकाशी, भाजीच्या गाडीसमोरच कोसळले. भाजीवाल्या मावशी धापा टाकत वर आल्या, तेव्हा मी नुकताच दोन कपांत चहा ओतून यांच्या कपावर बशी झाकली होती. दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं... या गोष्टीला आता सात आठवडे झाले. माझे यजमान दिनकर, मूळचे सायखेड्याचे, नोकरीमुळे नाशिक रोडला स्थिरावलेले. अडतीस वर्षं, आधी सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्तीनंतर रोज, आम्ही दुपारी चारचा चहा समोरासमोर बसून घेतला. ते गेल्यावर मात्र त्या वेळेला गॅसवर पातेलं ठेवायला माझा हात धजेना. चार वाजत आले की मी घराला कुलूप लावायची आणि कुठेही जाऊन बसायची.

"दादाची फिरायची हौस राहून गेली असंल," असं दहाव्याला नणंदबाई डोळे पुसत म्हणत होत्या, तेवढ्यात कावळ्याने पिंडावर झडप घातली. खाण्याच्या बाबतीत यांनी कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही, तिथेही ठेवलं नाही. मला रडता रडता हसू आलं. आणि खरंच सांगते, हौस राहिली नव्हती. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघंच व्हिएतनाम फिरून आलो होतो.

तिकिटं आमच्या लेकीने, मेघाने काढून दिली होती. मी शाळामास्तरीण, त्यामुळे माझ्या पर्समध्ये कुठे केव्हा काय बघायचं याची वही. यांच्या पिशवीत लसणाची चटणी आणि किलोभर चिवडा. हनोईत रस्ता ओलांडायची वेळ आली. डावीउजवीकडून स्कूटरींचा लोंढा, थांबायचं कुणी नावच घेईना. मी फुटपाथला खिळले. यांनी एक हात वर केला, दुसऱ्याने माझं मनगट धरलं आणि सरळ चालू लागले. "अगं, द्वारका चौक वलांडणारी माणसं आपण. भ्यायचं नाय!" पुढे होई आन नावाच्या शहराजवळच्या एका गावात भाजीचे वाफे दिसले, तर हे बांधावर उकिडवे बसून तिथल्या बाईंशी मराठीत बोलू लागले. त्या त्यांच्या भाषेत उत्तरं देत होत्या. अर्धा तास दोघं माना डोलवत होते आणि मी वहीतली वेळ टळली म्हणून धुमसत उभी. "कांद्यावर करपा पडलाय म्हणत्यात," यांनी मला सांगितलं. "कशावरून?" "पातीवरून. त्याला भाषा कशाला लागती?"

त्याच संध्याकाळी केळ्याची भानगड झाली. एका गल्लीतून चाललो होतो. एका घराचं दार सताड उघडं, आत टेबलावर फुलं, फळं, पेटलेल्या उदबत्त्या. "सत्यनारायण दिसतोय," म्हणत यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत जाऊन हात जोडले आणि तबकातलं एक केळं उचललं. मी डोळे वटारले, तर म्हणाले, "परसाद हाय, नाय म्हणू नये." अर्धं केळं पोटात गेलं आणि आतून घरमालकीण आल्या. माझ्याच वयाच्या. त्यांनी यांच्याकडे पाहिलं, केळ्याकडे पाहिलं आणि मोबाइलवर भाषांतर करून आमच्यासमोर धरलं. आज त्यांच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं. उदबत्ती विझेपर्यंत त्याचं जेवण चालतं, मग घरच्यांनी जेवायचं. फुलांमागे त्याचा फोटो होता, तो आम्हाला दिसलाच नव्हता.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. यांनी मात्र उरलेलं केळं कपाळाला लावलं, फोटोपुढे दोन्ही कान धरले आणि म्हणाले, "दादा, चुकलं. तुमच्याआधी जेवलो." शब्द कळायची गरजच नव्हती. बाई खुदकन हसल्या, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांचं नाव लान. त्यांनी आम्हाला जाऊच दिलं नाही. उदबत्ती विझल्यावर भात आणि पालेभाजी वाढली, चिमुकल्या कपांत चहा दिला. एक कप फोटोसमोर होता. रोज ठेवता का, असं मी विचारलं. त्यांनी मोबाइलवर उत्तर दिलं, "रोज. आधी तो पितो, मग तोच कप मी पिते. चहा वाया कशाला घालवायचा?"

हॉटेलवर परतताना हे म्हणाले, "सुमन, मी गेल्यावर माझाबी ठेवत जा. पण साखर घालून." मधुमेहामुळे यांची साखर मीच बंद केली होती आणि त्यावरून घरात रोज कुरकुर चालायची. "असलं अभद्र बोलू नका," म्हणत मी ओरडले. त्यानंतर दर दुपारी बिनसाखरेचा पहिला घोट घेऊन ते तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, "लानबाईंना कळवतो मी." किती हसवलं या माणसाने मला! अडतीस वर्षं असा सोबती मिळाला, याबद्दल कुणाचे आभार मानू तेच कळत नाही.

गेल्या रविवारी चार वाजत आले होते. नेहमीप्रमाणे कुलूप हातात घेतलं, पायात चपला सरकवल्या. दारातच लानबाई आठवल्या, आणि मी चपला काढल्या. दोन कप चहा टाकला. यांच्या कपात दोन चमचे साखर घातली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर यांचा फोटो ठेवून त्यापुढे तो मांडला. उदबत्ती लावली, समोर बसले आणि माझा चहा हळूहळू प्यायले. भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीचे पैसे घेतले नाहीत, नणंदबाईंचा गुडघा दुखतोय, असं काहीबाही सांगत राहिले... उदबत्ती विझली. मग मी यांचा कप ओढून घेतला. चहा पार निवला होता, आणि गोड मिट्ट. तळाशी उरलेल्या साखरेसकट सगळा प्यायले.