दाजींनी निवडलेला कुत्रा

मला आयुष्यात कोणी फसवू शकलं नाही. टायरवाले, डिझेलवाले, सुरतेचे दलाल, सगळे हात टेकून गेले. फक्त दाजींनी फसवलं, आणि तेही मीच त्यांना घरी बोलावून, खुर्चीवर बसवून, चहा पाजून.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे मालक. म्हसावदला ऊस, केळी, भरपूर शेती. त्यांची सवय अशी की समोर जे येईल ते बोट वाकवून टकटक ठोकून बघायचं. टरबूज ठोकायचे, ट्रॅक्टरचं टायर ठोकायचे. माझ्या पोरीला बघायला पाहुणे आले तेव्हा नवरदेवाच्या पाठीवर ठोकून म्हणाले, "चालस." झालं, लग्न ठरलं. एकदा माझ्या कपाळावर पण ठोकलं होतं. आवाज ऐकून नुसते हसले.

आमच्या खान्देशात जावयाला विचारल्याशिवाय घरात खाटसुद्धा येत नाही. दाजी दारात दिसले की माझी म्हातारी आई पदर सारखा करून उभी राहते. मी गाडीवरून आठवडाभरानं आलो तर पडल्या पडल्या विचारते, "उना का?" दाजी सगळ्यांना एकच सांगायचे, "तुन्हा भलाकरता सांगस, भाऊ." हे ऐकलं की मी हो म्हणून मोकळा व्हायचो. भलं आपलं, डोकं त्यांचं, मला काय त्रास?

पोरगी सासरी गेली आणि विसरवाडीच्या घरात आई आणि बायको दोघीच उरल्या. मी ट्रकवर. त्यांना सोबत पाहिजे होती. त्याच वेळी नवापूरच्या एका साहेबांची बदली झाली. त्यांच्याकडे दोन पिल्लं होती, एक पिवळा लॅब्राडोर आणि एक पांढरा पामेरियन. साहेब म्हणाले, "दोघांतलं एक तू घे, दुसऱ्याला मी कोणीतरी बघतो." मी खाली बसलो तसा तो पिवळा आला आणि माझ्या पायावर डोकं ठेवून झोपूनच गेला. पाय बधिर झाला तरी मी हललो नाही. मनात म्हटलं, ह्याचं नाव राजा.

आता इथं शहाणा माणूस पिल्लू उचलून घरी गेला असता. मी दाजींना फोन केला.

दाजी मोटारसायकलवर आले. आधी घरी येऊन माझ्या घराचा पत्रा ठोकला. मग साहेबांकडे जाऊन दोन्ही पिल्लांच्या पाठी ठोकल्या. मी म्हटलं, "दाजी, मन्हं मन पिवळावर शे. नाव बी ठेवं, राजा."

"इचार कर भाऊ," दाजी म्हणाले. "हाऊ मोठा व्हयना म्हणजे तुन्ही आईले शेपटीनं पाडी टाकी. खास म्हशीसारखा. अन् चोर उना तर त्याना हात चाटी. पामेरियन ले. मूठभर खास, दिवसभर भुकस. तुन्हा भलाकरता सांगस."

"अन् पिवळाले कोन ली?"

"मन्हा वळखना एक माणूस शे. त्याले दी टाकसू."

मी साहेबांना पामेरियन म्हणून सांगितलं. दाजींनी राजाला शर्टाच्या आत घातलं, वरचं बटण लावलं आणि निघून गेले. मला वाटलं, बिचारे, आपल्यासाठी केवढी धावपळ करतात.

दाजींचं म्हणणं खरं निघालं, पामेरियन दिवसभर भुंकतो. आमचं घर हायवेला लागून. सुरतेकडे जाणारा ट्रक गेला की भुंकतो, धुळ्याकडे जाणारा गेला की भुंकतो. सगळ्यात जास्त माझ्यावर भुंकतो, कारण मी कधीमधी दिसतो. बायकोनं त्याचं नाव ठेवलं कापूस. आई त्याला मांडीवर घेऊन भाकरी चारते आणि मी आत आलो की त्याला समजावते, "ऱ्हाऊ दे रे, आपलाच शे तो."

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताईला माहेरी आणायला म्हसावदला गेलो. आखाजीला भाऊ आणायला गेला नाही तर बहीण वर्षभर ऐकवते. अंगणात पाय ठेवला तर लिंबाखाली पिवळाधमक कुत्रा, वासराएवढा. खाटेवरून दाजींनी हाक मारली, "राजा, पाव्हणा उना देख!"

मी म्हटलं, "दाजी, तुम्ही तर वळखना माणूसले देवाना व्हतात."

"मग? मी मन्हा वळखना नही का?" दाजी हसले. "नाव बी तुन्हंच ठेयेल शे. बदलं नही."

राजा आला, माझा हात चाटला. चोर आला तर चाटेल म्हणाले होते, तेवढं खरं होतं. पण चोर खाटेवर बसला होता. मला रडू यायला लागलं. सणाचा दिवस, समोर जावई माणूस. मी काय केलं? वाकून पाया पडलो.

त्यानंतर दरवेळी मी ट्रकमध्ये भाषण तयार करायचो. क्लीनर ऐकून म्हणायचा, "उस्ताद, आज सोडू नका." म्हसावद आलं की भाषण गाडीत राहायचं आणि मी एकटाच उतरायचो. म्हशीसारख्या खाण्याचं, आईच्या पडण्याचं, सगळं माझ्या भल्याचं म्हणून ऐकलं होतं. मागितला असता तर मी राजा स्वतः नेऊन दिला असता. जावयाला नाही म्हणायची माझी काय हिंमत? पण त्यांनी मागितलाच नाही. मला मूर्ख बनवून नेला, हे गळ्याखाली उतरत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात दाजी उसाला पाणी भरता भरता छातीत कळ येऊन गेले.

मी दारावर बसायला गेलो. माणसं अंगणात बसून एकेक आठवण सांगत होती. दाजींनी मला बैल निवडून दिला, दाजींनी मला सून निवडून दिली, दाजींसारखा सरळ माणूस नाही. मी पण मान हलवली. राजा रिकाम्या खाटेखाली पडून होता, कोणाकडे बघत नव्हता.

मला वाटलं, आता तरी. मागच्या दारानं गेलो. ताई एकटीच चुलीपाशी बसली होती. हळूच म्हटलं, "ताई, राजाले मी ली जास. पहिलापासून मन्हाच व्हता तो."

ताईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"तुन्हा व्हता तर ते जित्ता व्हतात तवय का नही सांगं? त्यासले घाबरना, अन् आते मी एकली पडनू तर मन्हा कुत्रा लेवाले उना?"